ग्राँ ब्ल द गास्कोञ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, तुलूझपासून तासाभराच्या अंतरावर आम्ही राहतो. घरात 2019 साली जन्मलेली, ग्राँ ब्ल द गास्कोञ या फ्रेंच शिकारी जातीची एक कुत्री आहे. कागदोपत्री ती पालोमा, घरात पमी. तिचा फोटो कुणाला पाठवला की पुण्याहून, नाशिकहून, कधी न्यू जर्सीहून तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढली. मी पशुवैद्य नाही आणि शिकारीही नाही. शेजारी एक शिकारी म्हातारबुवा आहेत, त्यांच्या कळपातून निवृत्त होऊन पमी आमच्याकडे आली. निम्मं त्यांनी शिकवलं, निम्मं तिने.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

ग्राँ ब्ल द गास्कोञ. ‘ब्ल’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. शेवटचा ‘ञ’ म्हणजे शाळेत ‘च छ ज झ ञ’ घोकताना जो म्हटला आणि नंतर आयुष्यात कधी लिहावा लागला नाही, तोच. एवढ्या वर्षांनी तो इथे कामाला आला. अर्थ साधा आहे : गास्कोञ प्रांतातलं मोठं निळं कुत्रं. मी पुढे नुसतं ‘ग्राँ ब्ल’ म्हणतो.

ही जात किती जुनी?

फार जुनी, पण वंशावळ मांडायला बसलात तर इतिहास आणि दंतकथा वेगळ्या करणं अवघड जातं. गास्कोञ म्हणजे पिरेनीज डोंगराच्या उत्तरेचा मुलूख. आर्मान्याक नावाची ब्रँडी तिथली. त्या डोंगराच्या पायथ्याशी चौदाव्या शतकात फ्वा परगण्याचा काउंट गास्तों फेब्यूस राज्य करत होता. शिकारीचं त्याला भयंकर वेड. 1387 ते 1389 या काळात त्याने शिकारीवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि 1391 मध्ये अस्वलाच्या शिकारीहून परतल्यावर वारला. त्याच्या पदरच्या मोठ्या कुत्र्यांशी आजच्या ग्राँ ब्लचं नातं जोडतात. पुढे फ्रान्सचा राजा चौथा आन्री, तोही मूळचा इकडचाच, याच रक्ताचा कळप बाळगून होता असं शिकारी मंडळी अभिमानाने सांगतात.

पक्कं सांगायचं तर गास्कोञमध्ये स्थानिक शिकारी कुत्री आणि बेल्जियमकडची काळी सेंट ह्यूबर्ट कुत्री यांच्या संकरातून हा वाण घडला असं मानतात. लांब कान, लोंबती कातडी आणि खर्जातला आवाज ही त्या घराण्याची देणगी.

‘निळं’ म्हणजे खरोखर निळं?

नाही हो. पांढऱ्यावर काळे बारीक ठिपके इतके दाट असतात की दहा पावलांवरून पाहिलं तर पाटीसारखा निळसर राखाडी रंग दिसतो. जवळ या, की निळा रंग गायब आणि समोर नुसते ठिपके. पिल्लं जन्मतात तेव्हा हे ठिपके नसतातच. पांढरं अंग आणि काळे मोठे डाग. पुढच्या काही आठवड्यांत कुणी पेनातली शाई झटकावी तसे ठिपके उमटू लागतात.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग असतो. तो कान आणि डोळे झाकून गालाशी थांबतो. मधे कपाळावर पांढरी पट्टी राहते आणि त्या पट्टीत पुष्कळदा एक छोटा लांबट काळा ठिपका असतो. ती या जातीची सही समजा.

आणि भुवयांच्या जागी दोन तांबूस टिकल्या. फ्रेंचमध्ये अशा कुत्र्याला ‘चार डोळ्यांचं’ म्हणतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे आहेत, सरमेचे मुलगे, आणि त्यांना दिलेली विशेषणं आहेत ‘चतुरक्षौ शबलौ’. चार डोळ्यांचे आणि ठिपकेदार. दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही. पण रात्री अंगणात पमी वळून बघते तेव्हा ते शब्द आठवतात खरे.

उंची, वजन?

नर खांद्यापाशी 65 ते 72 सेंटिमीटर, मादी 62 ते 68. वजन 35 किलोच्या आसपास, धिप्पाड नर त्याहून जास्त. जेवणाच्या टेबलावर काय वाढलंय ते पमीला उडी न मारता दिसतं. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत या जातीचा क्रमांक 22 आहे.

बाकी ‘ब्ल’ कुत्री कोणती?

चार भावंडं आहेत. ग्राँ, म्हणजे मोठं. पती, म्हणजे धाकटं, मुख्यतः सशाच्या शिकारीचं. ग्रिफाँ, ज्याचे केस राठ आणि विस्कटलेले, नुकतंच झोपेतून उठल्यासारखे. आणि बासे, आखूड पायांचं, उंची जेमतेम 34 ते 38 सेंटिमीटर. रंग चौघांचा तोच. घरात पाळायला म्हणून कुणी विचारलं तर मी बासेकडे बोट दाखवतो. ऐकत कुणी नाही, सगळ्यांना मोठंच हवं असतं.

इतकं देखणं कुत्रं दुर्मीळ कसं झालं?

लांडगा संपला म्हणून. ग्राँ ब्लची ख्याती लांडग्याच्या मागावर जाण्याची होती. फ्रान्समधून लांडगा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीसा झाला. (1992 मध्ये तो इटलीतून आल्प्सच्या मेर्कान्तूर भागात परतला, पण आता त्याला संरक्षण आहे.) काम गेल्यावर एवढं मोठं, एवढं खाणारं कुत्रं कोण सांभाळणार? राज्यक्रांतीनंतर सरदारांचे मोठे कळप मोडलेच होते. उरलेल्या शेतकरी शिकाऱ्यांना लहान, चपळ कुत्री परवडत.

तरी रक्त टिकलं ते दोन कारणांनी. एक, गेर आणि आसपासच्या जिल्ह्यांत रानडुकरं माजली आणि त्यांच्या मागासाठी हे नाक पुन्हा हवंसं झालं. दुसरं, इतर जाती सुधारायला याचं रक्त वापरलं गेलं. एकोणिसाव्या शतकात बारों द काराइयों-लातूर यांनी मरणपंथाला लागलेल्या सँतोंज कुत्र्यांशी याचा संकर केला आणि ‘गास्कों-सँतोंजवा’ ही नवी जात निघाली. आजही ग्राँ ब्ल फ्रान्सबाहेर क्वचित दिसतं, आणि फ्रान्समध्येही पॅरिसच्या रस्त्यावर ते शोधू नका.

ते फार भुंकतं का?

भुंकत नाही. हेल काढतं. या फरकासाठी थोडी जागा घेतो, कारण कुत्रं आणल्यावर लोकांना पस्तावायला होतं ते इथेच.

पमी आल्यावर पहिल्याच महिन्यात आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. गावातल्या चर्चची दुपारची घंटा झाली. पमी उठली, मान आकाशाकडे केली, तोंडाचा गोल केला आणि पोटातून एक लांब, खालच्या पट्टीतला सूर लावला. घंटा थांबली तरी हिचा चालूच. पलीकडे आई पांढरीफटक. “अरे, कुत्रं रडतंय! आधी बाहेर काढ तिला. घरात सगळे बरे आहेत ना?” आपल्याकडे कुत्र्याचं रडणं म्हणजे कुणाच्या तरी जाण्याची चाहूल. इथे म्हातारबुवा कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या लेखी ते गाणं होतं.

फ्रेंच शिकारी अशा कुत्र्याला ‘उर्लर’ म्हणतात, म्हणजे हेल काढणारं. गळ्याची चर्चा ते अशी करतात की वाटावं सवाई गंधर्वच्या मंडपात बसलोय. कुणाचा आवाज जाड, कुणाचा घंटेसारखा, कुणाचा मधेच फाटतो. हा नुसता शौकही नाही. घनदाट रानात दोन किलोमीटरवरचं कुत्रं दिसत नाही, ऐकू येतं. आवाजावरून त्यांना कळतं माग जुना की ताजा, जनावर पळतंय की वळून उभं राहिलंय.

शेजारी भिंतीला भिंत लागून असतील तर हे कुत्रं आणू नका. एकटं ठेवलं तर ते हमखास गातं.

शिकारीत ते काय करतं?

शोधतं. जोरात धावणारी जनावरं वेगळी, हे चिकाटीचं आहे. रात्री रानडुक्कर चरून गेलं आणि पहाटे झाडीत जाऊन झोपलं, की सकाळी त्याच्या थंड झालेल्या मागावरून झोपेच्या जागेपर्यंत पोचायचं, हे याचं खास काम. इथे अशा कुत्र्याला ‘राप्रोशर’ म्हणतात, जवळ नेऊन सोडणारा.

एकदा डिसेंबरात म्हातारबुवांबरोबर गेलो होतो. हाक्याच्या आधीची पाहणी, त्यामुळे बंदूक नव्हती. मक्याचं कापलेलं रान, त्यावर दव. पमीच्या गळ्यात दहा मीटरची दोरी. ती नाक जमिनीपासून बोटभर वर ठेवून, घाई न करता, नागमोडी चालत होती. कान चिखलात लोळत होते. एका पाणंदीपाशी थांबली. शेपूट नुसती टोकाला हलू लागली. म्हातारबुवा वाकले आणि दोन बोटं चिखलातल्या खुणेत घातली. “बघा,” म्हणाले, “पुढचे दोन खूर आणि मागे बाजूला दोन टोचे. हरणाचं असतं तर टोचे सहसा उमटले नसते.” पमीने एकदा नाकातून फुसकन हवा सोडली, पुन्हा भरून घेतली, आणि मग तो सूर आला, अगदी हळू, अर्धवट. माग जुना आहे, पण आहे.

तासभर चालून एका बाभळीसारख्या काटेरी जाळीपाशी ती बसली. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

इथला हंगाम साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. हाका करताना भडक नारिंगी जॅकेट सक्तीचं. हल्ली कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टा असतो आणि डुकराच्या सुळ्यांपासून वाचवायला जाड कापडाचं चिलखतही. पमीला ते उशिरा मिळालं. 2023 च्या हंगामात एका सुळ्याने तिची मागची मांडी उसवली, टाके पडले, आणि तिथून ती आमच्या सोफ्यावर आली.

म्हणजे आपल्या कारवानी किंवा मुधोळसारखंच?

उलट. कारवानी आणि मुधोळ डोळ्यांनी शिकार करतात : ससा दिसला की बाणासारखं सुटायचं, दोन मिनिटांत निकाल. सडपातळ अंग, बारीक तोंड, आवाज नाही. ग्राँ ब्ल नाकाने चालतं. हाडाने जड, तोंडाने चौकोनी, गतीला बेताचं, पण दिवसभर थांबत नाही. कारवानीचा मालक त्याला धावताना बघतो, ग्राँ ब्लचा मालक डोळे मिटून ऐकतो.

वॉशिंग्टनला ही कुत्री भेट दिली होती, हे खरं का?

1785 मध्ये फ्रेंच सेनानी लाफायेतने जॉर्ज वॉशिंग्टनला सात मोठी फ्रेंच शिकारी कुत्री पाठवली, हे वॉशिंग्टनच्या रोजनिशीतच आहे. ती ग्राँ ब्ल होती असं परंपरा सांगते. त्यांचा आवाज मॉस्कोच्या घंटांसारखा होता, असं वॉशिंग्टनच्या घरात वाढलेल्या सावत्र नातवाने लिहून ठेवलंय. त्यातल्या व्हल्कन नावाच्या कुत्र्याने पाहुणे जेवायला बसणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून अख्खं हॅम पळवलं, तीही गोष्ट त्याचीच. माझा तर त्या गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे. आमच्या होळीच्या चार पुरणपोळ्या अशाच गेल्या.

अमेरिकेतलं ब्लूटिक कूनहाउंड याच रक्ताचं. तिकडच्या एका श्वानसंस्थेने 1946 मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली.

स्वभाव कसा? घरात लहान मुलं आहेत.

मऊ. कळपात वाढणारी जात असल्याने माणसांवर किंवा इतर कुत्र्यांवर गुरगुरणारी पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढली गेली. मूल कान ओढेल, हे सुस्कारा टाकेल. धोका एवढाच की 35 किलोचं जनावर आनंदाने वळलं तर दोन वर्षांचं पोर आडवं होतं.

राखण मात्र करणार नाही. चोर आला तर घर दाखवेल.

मांजरं आणि कोंबड्यांबद्दल हमी देत नाही. लहानपणापासून एकत्र वाढलं तर जमतं, मोठेपणी कळपातून आलेल्या कुत्र्याकडून अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे मांजर वरच्या मजल्यावर राहतं आणि जिन्यात जाळीचं दार आहे.

फ्लॅटमध्ये ठेवता येईल?

नाही.

रोज किती फिरवायचं?

आम्ही दिवसाला दोन तास फिरतो, पण घड्याळापेक्षा नाकाला काय मिळालं ते बघा. डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर चालवून आणलं तरी पमी घरी येऊन अस्वस्थ घिरट्या घालते. नदीकाठच्या झुडपात तिच्या मर्जीने अर्धा तास हुंगू दिलं की संध्याकाळभर घोरते. हुंगणं हेच तिचं वर्तमानपत्र, दर पानावर थांबू द्यावं.

कुंपण दीड मीटरहून उंच आणि खालून बुजवलेलं हवं. उडीपेक्षा खालून उकरून निघण्यात ही कुत्री हुशार.

हाक मारली तर येतं का?

माग नसेल तर येतं. माग लागला की कान बंद, आणि याला हट्टीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. सातशे वर्षं माणसाने नाक खाली घालून मालकाला विसरणारी कुत्रीच निवडली, आता तक्रार कसली?

मोकळ्या रानात लांब दोरी किंवा जीपीएस पट्टा, यांपैकी एक असल्याशिवाय सोडू नका. शिक्षा, आरडाओरडा यांचा उपयोग नाही, ते नुसतं आणखी दुःखी तोंड करतं, आणि ते तोंड मुळातच दुःखी असल्याने तुम्हीच माफी मागता. उकडलेल्या चिकनचा तुकडा आणि एक ठराविक शिट्टी, एवढ्यावर आमचं निभतं. म्हातारबुवा शिंग फुंकतात. शिंग वाजलं की पमी अजूनही माझ्या हातातलं चिकन सोडून कुंपणाकडे पळते.

खायला काय द्यायचं?

रोज एकदाच पोटभर नको, दोन वेळा विभागून द्या. कारण पुढे आजारांत येईल. पमीला कोरडं खाद्य दिवसाला साधारण 400 ग्रॅम लागतं, थंडीत थोडं जास्त. शिकारीवर जाणारी कुत्री हंगामात याच्या दीडपट खातात.

भाकरी चालते का, हा प्रश्न आईकडून दर आठवड्याला येतो. वरून थोडी, ताकाचा हात लावून, चालते. नुसत्या भाकरी-दुधावर एवढं मोठं शिकारी कुत्रं पोसलं जात नाही, मांस किंवा अंडी हवीतच. कांदा, लसूण, चॉकलेट बंद. आणि द्राक्षं, बेदाणे. हा मुलूख द्राक्षमळ्यांचा असल्याने इथे ही भीती खरी आहे, पण आमचा घात शिऱ्याने केला. सत्यनारायणाचा प्रसाद, त्यात मूठभर बेदाणे, पातेलं ओट्याच्या कडेला. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला त्या रात्री डॉक्टरांना फोन केल्यावर कळलं. त्यांनी तिला ताबडतोब उलटी करवली आणि दोन दिवस सलाईनवर ठेवलं. नंतर शिऱ्यात बेदाणे पडलेले नाहीत.

कानांची निगा कशी राखायची?

या जातीच्या निगेतलं निम्मं काम कानांचं. कान डोळ्यांच्या रेषेखालून सुटतात, कागदाच्या सुरळीसारखे आत वळतात आणि टोकाशी निमुळते होतात. नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचले पाहिजेत असा जातीचा नियम आहे. पमीचे पोचून दोन बोटं पुढे जातात.

एवढ्या लांब झडपेखाली हवा खेळत नाही. ओल राहते, बुरशी धरते. आठवड्यातून एकदा कान उलटा करून वास घ्या. हो, वास. निरोगी कानाला जवळजवळ वास नसतो, बुरशी धरली की आंबलेल्या पिठासारखा येतो. कापसावर कानाचं द्रावण घेऊन दिसतं तेवढंच पुसा, काडी आत घालू नका. पाणी प्यायल्यावर टोकं भिजतात, ती फडक्याने टिपा. आम्ही उंच, अरुंद तोंडाचं भांडं वापरतो, म्हणजे कान बाहेर राहतात.

मे-जूनमध्ये खरा शत्रू म्हणजे कुसळ. वाळलेल्या गवताचं कुसळ कानात, बोटांच्या मधे, नाकातसुद्धा शिरतं आणि त्याची रचनाच अशी की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. एका संध्याकाळी पमी डोकं एका बाजूला वाकडं करून सारखी झटकत होती. सकाळी बघू म्हणून मी झोपलो, ती चूक. सकाळी डॉक्टरांनी भूल देऊन चिमट्याने जे काढलं ते जेमतेम दीड सेंटिमीटरचं होतं, आणि पडद्यापर्यंत पोचलं होतं. आता फिरून आल्यावर दारातच तपासणी होते : आधी कान, मग पंजे, मग काख.

आंघोळ, केस, नखं?

सोपं आहे. आखूड दाट केस, आठवड्यातून एकदा रबरी ब्रश. आंघोळ दोन-तीन महिन्यांतून एकदा. शिकारी कुत्र्याचा म्हणून एक उग्र वास असतो तो साबणाने जात नाही, त्याची सवय होते. खालची पापणी जरा सैल असते, त्यामुळे धूळ साचते, कोमट पाण्याच्या कापसाने डोळे पुसा. ओठांच्या घड्याही कोरड्या ठेवा.

कोणत्या आजारांकडे लक्ष ठेवायचं?

पहिला, पोटाला पीळ पडणं. खोल छातीच्या सगळ्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका. पोट फुगून गच्च होतं, कुत्रं उलटीचा प्रयत्न करतं पण काही पडत नाही, एका जागी बसवत नाही. घरचा ओवा-हिंग करत बसू नका. हा तासांचा खेळ आहे, थेट शस्त्रक्रिया. म्हणून जेवण दोन वेळा आणि पळापळीच्या आधी-नंतर तासभर पोट रिकामं.

दुसरा, गोचीड. इथे गोचिडांतून बॅबेसियाचा ताप होतो : कुत्रं अचानक मलूल, लघवी गडद चहासारखी. महाराष्ट्रातही गोचीडताप घरोघरी आहे, त्यामुळे हे वेगळं सांगायला नको. दक्षिण फ्रान्समध्ये वाळूमाशीमुळे लीशमानिया नावाचा आजारही होतो.

तिसरा इथला खास : पाइनच्या झाडावरच्या सुरवंटांची वारी. हिवाळा सरता सरता हे सुरवंट झाडावरून उतरतात आणि एकामागे एक, शिस्तीत, रांग धरून निघतात. दिंडीच म्हणा. कुत्रं कुतूहलाने नाक लावतं आणि त्यांच्या केसांतल्या विषाने जीभ सुजते, काळी पडते, कधी तिचा तुकडा गळून पडतो. गास्कोञच्या पश्चिमेला लांदचं अफाट पाइनचं जंगल आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पमीला आम्ही तिकडे नेतच नाही.

शिकारी घरांसाठी एक : रानडुकराचं कच्चं मांस किंवा आतडी कुत्र्याला कधीही देऊ नका. त्यातून ऑजेस्की नावाचा रोग होतो. माणसाला काही होत नाही, कुत्रं दोन दिवसांत जातं, औषध नाही.

फ्रान्समध्ये राहतो, पिल्लू घ्यायचंय. काय करू?

दुकानात मिळणार नाही. जातीच्या क्लबमार्फत पैदास करणाऱ्यांकडे जा, आणि शक्यतो त्यांच्या एका शिकारीला जाऊन या, आवाज प्रत्यक्ष ऐका. ऑक्टोबर 2022 पासून फुकट मिळालेल्या कुत्र्यासाठीही सात दिवस आधी एका बांधिलकी-पत्रावर सही करावी लागते. मायक्रोचिप किंवा गोंदणाची नोंद सक्तीची.

वंशावळीतल्या कुत्र्याचं नाव त्या वर्षाच्या अक्षराने ठेवतात. 2019 चं ‘प’, म्हणून पालोमा. 2025 ला यादी फिरून ‘अ’ वर आली. आपल्या नक्षत्राच्या नावासारखंच : कागदावर एक, हाक मारायला दुसरं.

भारतात आणता येईल?

पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणण्यावर 2016 मध्ये केंद्राने निर्बंध घातले. परदेशात राहून कायमचे परतत असाल तर स्वतःचं पाळीव कुत्रं रेबीजची लस, आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरण खात्याचं ना-हरकत पत्र घेऊन आणता येतं.

पण आणायचं कशाला, हा माझा प्रश्न. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंदच बरी. मग याच्या नाकाला काम काय देणार? उन्हाचं मी फार मनावर घेत नाही. तुलूझचा पारा उन्हाळ्यात चाळिशी गाठतो आणि पमी दुपारी फरशीवर पसरून तो काढते. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र त्या कानांचं काय होईल याची कल्पना करवत नाही. हौसच असेल आणि गावाकडे दोन एकर असेल, तर आधी एखादं कारवानी बघा. ते तिथल्या मातीचं आहे.

आयुष्य किती?

दहा ते बारा वर्षं. पमीच्या नाकाभोवती पांढरं दिसू लागलंय, म्हणजे होतं त्याहून जास्त पांढरं.

तिला मराठी कळतं?

‘ये’, ‘बस’, ‘नको’ आणि ‘भाकरी’. फ्रेंच हुकूम म्हातारबुवांचे, मराठी आमचे. ‘सोड’ हा शब्द दोन्ही भाषांत कळतो, पण ऐकू येत नाही.